पऱ्हाटीतलं न ऐकू येणारं गाणं

अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही कास्तकारापुढे 'तुडतुडे' हा शब्द काढा. तो आधी कपाळाला हात लावेल आणि मग फवारणीच्या पंपाकडे बोट दाखवेल. जेमतेम तीन मिलिमीटरचा हिरवट किडा. कपाशीच्या पानाखाली बसून रस पितो, पान हलवलं की तिरका तिरका चालत पळतो. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लाल होतात, पान मुरडतं, आणि वाढ खुंटली की बोंडांचं काय होणार ते सांगायला नको.

आता गंमत ऐका. हा किडा गातो! गाण्यावरूनच त्याचं लग्न जमतं. शेतात उभं राहून आपल्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, एवढंच.

पण त्याआधी थोडा कपाशीचा इतिहास, कारण त्याशिवाय हे प्रकरण कळायचं नाही.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून पुढे नागपूरला पोचली. अमरावती, अकोला, खामगाव ही कापसाची मोठी नावं झाली ती याच काळात. तेव्हा शेतात होती ती देशी कपाशी. धागा आखूड, पण झाड काटक. तुडतुड्यांना ती बऱ्यापैकी पुरून उरायची.

लांब धाग्याची अमेरिकन कपाशी आली की तुडतुड्यांची चैन होते, हे जगभर दिसलं. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनच्या केंद्रावर १९२० च्या दशकात पार्नेल नावाच्या संशोधकाने यावर साधा उपाय शोधला: पानावर दाट लव असलेली झाडं निवडायची. मादी पानाच्या शिरेत अंडी घालते, आणि लव तिच्या आड येते. आपल्याकडे १९७० मध्ये सुरतहून एच-४ हे संकरित वाण आलं, पुढे संकरित कपाशीचा पूरच आला. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पण बीटीचा मारा अळीवर. रस पिणाऱ्या तुडतुड्याला त्याचं काहीच नाही. त्यामुळे पंप काही खाली ठेवता आला नाही.

त्याची किंमत किती? २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. दवाखान्यात शेकडो पोचले. तेव्हा 'किड्याचं गाणं' हा विषय वाटतो तितका रिकामटेकडा नाही.

तर गाणं. रातकिड्याचं गाणं आपल्याला ऐकू येतं, म्हणून विज्ञानाने सुरुवात तिथून केली. १९१३ मध्ये स्लोव्हेनियात जन्मलेल्या योहान रेगेन यांनी नर रातकिड्याचा आवाज टेलिफोनवरून पाठवला. मादी चालत चालत थेट रिसीव्हरपाशी! नर तिथे नव्हताच. ना वास, ना दर्शन. फक्त आवाज पुरला.

ती कोणाला निवडते? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने झाडावरच्या एका रातकिड्यावर बरंच काम केलंय. त्यातल्या माद्यांना मोठा आवाज आवडतो. मग ज्या नरांचा आवाज मुळात लहान, ते काय करतात? पानाला भोक पाडतात आणि त्यात बसून गातात. पान लाउडस्पीकरचं काम करतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ही लबाडी खपते. मादी फसते. (प्रोफाइल फोटो एडिट करणाऱ्यांनी उगाच हसू नये.)

तुडतुड्याचं तंत्र मात्र वेगळं. एवढ्याशा जिवाला हवेत आवाज फेकणं परवडत नाही. तो पोटाच्या बुडाशी असलेला एक अवयव थरथरवतो. ही कंपनं पायांतून पानात, पानातून देठात, देठातून खोडात जातात. दुसरा तुडतुडा ती कानाने नाही, पायांनी 'ऐकतो'. म्हणजे झाड हीच टेलिफोनची तार! नर साद घालतो आणि थांबतो. मादीला पटलं तर ती ठराविक वेळात उत्तर देते. मग साद-प्रतिसाद करत नर फांदी फांदी शोधत तिच्यापर्यंत जातो. उत्तर नाही, तर भेट नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हँडशेक पूर्ण झाल्याशिवाय कनेक्शन नाही.

स्वीडनच्या फ्रेज ओसियानिल्सन यांनी १९४९ मध्ये 'कीटक ढोलकरी' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहून दाखवलं की तुडतुड्यांच्या कुळात हा वाद्यवृंद सर्वत्र आहे. आणि मग, १९८० मध्ये, के. एन. सक्सेना आणि एच. कुमार या आपल्या दोन संशोधकांनी एक खट्याळ प्रश्न विचारला: ही तार मध्येच जॅम केली तर? त्यांनी हवेतून आवाज सोडला, झाडाने तो पकडला, झाड कंप पावायला लागलं आणि किड्यांचं संभाषण तुटलं. समागमही थांबले. प्रयोगातल्या दोन किड्यांपैकी एक भातावरचा तपकिरी तुडतुडा. दुसरा कोण? तोच, आपल्या पऱ्हाटीवरचा!

कल्पना भारतात, कपाशीच्या किड्यावर सिद्ध झाली आणि मोठी झाली इटलीत, द्राक्षांवर. तिथे द्राक्षवेलीचा रोग पसरवणारा एक तुडतुडा आहे. त्याचा नर दुसऱ्या नराचं प्रेमगीत बिघडवायला स्वतःच मध्ये खरखर करतो. व्हॅलेरिओ माझोनी आणि सहकाऱ्यांनी ती खरखरच उचलली आणि वेलींना आधार देणाऱ्या तारांमधून सोडली. २०१७ मध्ये उत्तर इटलीत सान मिकेले येथे अशी कंपनांची पहिली द्राक्षबाग उभी राहिली.

२०१७! तेच वर्ष. तिकडे तारांतून किड्यांची लग्नं मोडत होती, इकडे माणसं पंप पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचत होती.

मग आपल्याकडे का नाही, हा प्रश्न पडतोच. उत्तर अवघड नाही. द्राक्षबागेला मुळात तार असते. एका यंत्राची थरथर अख्ख्या ओळीला मिळते. पऱ्हाटी सुटी उभी असते, हजारो झाडं, दरवर्षी नवी. वर कोरडवाहू शेत आणि विजेचा पत्ता नाही. कोणी उद्या 'तुडतुडे पळवणारं ॲप' विकायला आलं, तर आधी हे विचारा.

पण तत्त्व वऱ्हाडला परकं नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे शेतात लागतातच. तिथे मादीच्या गंधाची नक्कल करून नर पतंगाला फसवतात. पहिला कामगंध १९५९ मध्ये ओळखला गेला. आज त्याची वडी कृषी केंद्रात मिळते. गंधाला बाजारात यायला काही दशकं लागली. आवाजाला तार लागते, आणि ती पऱ्हाटीत कशी ओढायची हे कोणीतरी सोडवायला हवं. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, अटेंडन्स सिस्टिम खूप झाल्या. हा प्रश्न अजून मोकळा आहे.