विक्रमचा ब्रेक जास्त लागला होता

'एआय आता विमानं चालवणार म्हणे, खरं का?' असं हल्ली रोज कुणीतरी विचारतं. मला मात्र ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवते. पहिलं पान थांबवून ठेवलं होतं. जल्लोषाचा मथळा तयार, दुसरा लिहायला कुणी धजत नव्हतं. दोन वाजून गेल्यावर इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांनी जाहीर केलं, २.१ किमी उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, नंतर संपर्क तुटला. आम्ही तेवढंच छापलं. पुढच्या अंकात पंतप्रधानांनी सिवन यांना मारलेली मिठी. आमच्यापुरता विषय संपला.

खरं तर तिथून सुरू व्हायला हवा होता. उतरताना विक्रम माणसाच्या हातात नव्हताच. चंद्रापर्यंत संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात आणि यान सुरुवातीला सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगात. बंगळुरूतून फक्त बघायचं. उंची मोजणं, इंजिनं किती पेटवायची, कुठे वळायचं, सगळं यानातला कॉम्प्युटर ठरवणार. (याला एआय म्हणावं का, यावर जाणकार भांडतील. गप्पा मारणारं सॉफ्टवेअर नव्हतं ते, आखलेल्या नियमांवर चालणारं होतं. पण निर्णय माणसाला न विचारता घेत होतं, हे खरं.)

नोव्हेंबरमध्ये लोकसभेत लेखी उत्तर आलं. ३० किमीपासून ७.४ किमीपर्यंत सगळं सुरळीत, वेग सेकंदाला १६८३ मीटरवरून १४६ वर आला. पुढच्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला. नीट वाचा, जास्त कमी! आम्ही समजत होतो ब्रेक लागला नाही. इथे तो नको तितका लागला होता.

पूर्ण उलगडा जुलै २०२३ मध्ये झाला, तोही नवे अध्यक्ष एस. सोमनाथ मोकळेपणानं बोलले म्हणून. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, फरक साचत गेला. तो भरून काढायला यानाला झटक्यात वळायचं होतं, पण किती वेगानं वळायचं यावर सॉफ्टवेअरनंच मर्यादा घातलेली. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. ती गाठायची म्हणून यान जमिनीजवळ येऊनही वेग वाढवत राहिलं. यंत्र बिघडलं नव्हतं हो, सांगितलेलं काम इमानेइतबारे करत होतं. सांगणाऱ्यांनी अशी वेळ येईल हे धरलं नव्हतं.

म्हणून चांद्रयान-३ ची आखणीच वेगळी झाली. काय काय चुकू शकतं, ते आधी मांडलं. इंजिनं चार. पाय मजबूत, इंधन जास्त, वेग थेट मोजणारा लेझर सेन्सर. आणि जागा ४ किमी बाय २.४ किमी. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ५ वाजून ४४ मिनिटांनी यानाकडे सूत्रं गेली, ६ वाजून ४ मिनिटांनी ते चंद्रावर उभं होतं.

पहिल्या अपयशाचा सविस्तर अहवाल मात्र लोकांसमोर आला नाही. पण आपण पत्रकारांनी तरी तो कुठे मागितला? त्या संध्याकाळी चौकात फटाके वाजले, आम्ही पेढे वाटतानाचा फोटो पाच कॉलम छापला. ५०० मीटरचे ४ किलोमीटर का झाले, यावर एक ओळही नव्हती. पान मीच लावलं होतं.