माशीचे सोंग आणि घाटावरचे पाणी

कोकणातल्या नद्या पावसाळ्याच्या धनी. होळी झाली की ओढे आटतात, नदीत डोह तेवढे उरतात आणि मधले धोंडे उन्हात तापतात. कर्जत तालुक्यातली पेज नदी मात्र वैशाखातही वाहते. खालापूर तालुक्यात पाताळगंगाही खोपोलीपासून पुढे वाहती असते. वाहत्या पाण्यात उभे राहून मासा गळाला लावण्याची ‘फ्लाय फिशिंग’ नावाची विद्या शिकू पाहणाऱ्याला मुंबईच्या इतक्या जवळ, भर उन्हाळ्यात, असे पाणी इथे मिळते. ही विद्या इथवर कशी आली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पाणी कसे आले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी विद्या. आपल्या नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी असते आणि दोरी लांब जावी म्हणून शिसे बांधतात. फ्लायला शिसे नसते. आकड्यावर पिसे, लोकर, दोरा गुंडाळून किड्याचे सोंग तयार करतात. ते इतके हलके असते की फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीतच ठेवलेले असते. छडी मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मग पुढे आणायची. नवशिका चुकतो तो या थांबण्यात.

हे सोंग फार जुने आहे. मॅसिडोनियातले लोक आकड्याला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे इलियन या रोमन लेखकाने इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास लिहून ठेवले. आपल्याकडे गळाची मासेमारी हा राजाचा विनोद होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाणे, छडी, दोरी, गळ असे सगळे त्यात आले आहे. तेव्हा गळ टाकून बसणे ही साहेबांनी आणलेली चैन, हा समज खरा नाही. साहेबांनी आणली ती पिसांची माशी.

ती इथल्या माशांवर चालवून पाहणाऱ्यांत हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी महत्त्वाचा. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. आकारमानाच्या हिशेबात महसीर सामनपेक्षा जास्त झुंजतो, हे त्याचे मत पुढे सगळ्या इंग्रज गळवाल्यांच्या तोंडी झाले. काश्मीर आणि निलगिरीसारख्या थंड मुलखात त्यांनी विलायतेतून ट्राउट आणून सोडले. सह्याद्रीच्या उबदार पाण्यात तो तगणे शक्य नव्हते. इथे जे आहे त्याच्याशीच जुळवून घ्यावे लागते.

इथे काय आहे, याची शास्त्रीय नोंद थॉमसच्या आधीच झाली होती. कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्याने नाव दिले ‘खुद्री’. इतर काही जातींना ‘कोलस’, ‘नुकटा’, ‘मुल्या’. ही नावे लॅटिन नव्हेत, नदीकाठच्या लोकांच्या तोंडची आहेत. ज्यांनी ती सांगितली त्या भोयांची नावे कुठे नाहीत, पण त्यांचे शब्द जगभरच्या माशांच्या सूचीत आजही आहेत.

आता पाणी. मुळा-मुठेचे पाणी जाते भीमेला. लोणावळ्याच्या बाजूने उगवणाऱ्या इंद्रायणीचे आणि आंदर मावळातल्या आंद्रा नदीचेही तसेच. भीमेतून कृष्णेला आणि पूर्व समुद्राला. जमशेटजी टाटांनी या पाण्यावर विजेचे स्वप्न पाहिले. त्यांच्या मृत्यूनंतर १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. घाटमाथ्यावर धरणे बांधून पाणी नळांतून पश्चिमेला खाली सोडले गेले आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. जनित्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत उतरले. १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर सुरू झाले आणि ते पाणी पेजेतून उल्हासाला मिळू लागले. भिरा सुरू झाले १९२७ मध्ये. त्यामागे मुळशीचा सत्याग्रह आणि सेनापती बापट आहेत. कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग चालते ते याच भिऱ्याच्या पाण्यावर.

म्हणजे पेजेच्या उन्हाळी धारेत उभे राहणारा माणूस खरे तर भीमेच्या पाण्यात उभा असतो. त्यासाठी वर मावळात शेते बुडाली. खाली कर्जतकरांना राजनाल्यातून उन्हाळी भात मिळाला, उल्हासाकाठच्या शहरांना पिण्याचे पाणी मिळाले. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, दुष्काळी भागाला द्यावे, ही मागणी अधूनमधून उठते आणि तिला अन्यायाची म्हणता येत नाही.

पहिला धडा मला पेजेनेच दिला. पन्नाशी उलटल्यावर पुस्तके वाचून मी छडी घेतली होती, आणि सकाळी गुडघाभर पाण्यात उभा होतो. काठावर खेकडे शोधणारा एक म्हातारा कातकरी ओरडला, “दादा, बाहेर या, पानी वाढतंय!” मला काहीच दिसत नव्हते. त्याला दिसले होते. समोरच्या धोंड्यावरची कोरडी रेघ बुडाली होती आणि पाण्याबरोबर पालापाचोळा येऊ लागला होता. मी काठावर येईपर्यंत पाणी मांडीला लागले. मुंबईत विजेची मागणी वाढली की इथे पाणी वाढते, हे मला कागदावरून ठाऊक होते. पायांना ठाऊक नव्हते.

माशांचा इतिहासही असाच घाटावरून खाली येतो. महसीर कमी होताना पाहून मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास खुद्रीच्या कृत्रिम प्रजननाचा अभ्यास केला. टाटांच्या वळवण येथील केंद्रात लाखो पिल्ले तयार झाली आणि अनेक राज्यांत गेली. हे मोठे काम होते. पण कावेरीत सोडलेला खुद्री तिथे इतका पसरला, की तिथला मूळचा पाठीला कुबड असलेला महसीर मागे पडला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो अत्यंत धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हे पुण्यकर्म नव्हे, हे त्यातून कळते. रायगडातच महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत लोकांनी देवीचे म्हणून महसीर राखले. मासे राखायचे तर ती रीत अधिक बिनधोक आहे.

शिकू पाहणाऱ्याला म्हणून इतकेच सांगता येईल. नऊ फुटी, पाच किंवा सहा क्रमांकाची छडी पुरे. आधी महिनाभर कापणी झालेल्या खाचरात, आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, दोरी मागे उलगडण्याची वाट पाहायला शिकावे. मग नदीवर जावे. मासेमारीचा हक्क कुणाचा ते आधी विचारावे. आकड्याचा काटा चिमट्याने दाबून टाकावा, हात ओले करून मासा धरावा आणि लगेच सोडावा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला चढतात, तेव्हा छडी घरी ठेवावी. वीजघराच्या खालच्या पाण्यात एकट्याने उतरू नये.

आणि काठावर कुणी खेकडे शोधत असेल, तर त्याला आधी राम राम करावा. या नदीचे वेळापत्रक त्याच्याइतके कुणालाच पाठ नाही.