विरजणाने दिलेली साक्ष

नायसिन या नैसर्गिक परिरक्षकाची कथा बहुधा १९४७ पासून सांगितली जाते, कारण त्या वर्षी इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हिर्श यांनी त्याचे बारसे केले. माझ्या मते ती त्याआधी, एका बिघाडापासून सांगायला हवी. न्यूझीलंडमध्ये चीजसाठी विरजण लावूनही काही दुधाची आम्लता चढत नसे. संशय साहजिकच विरजणावर जाई. १९३३ मध्ये व्हाइटहेड आणि रिडेट यांनी दोष दुधातच असल्याचे दाखवले: त्यात आधीच वाढलेले लॅक्टिक स्ट्रेप्टोकॉकस एक द्रव्य सोडत होते आणि त्याने विरजणाचे जंतू थंडावत होते. ते द्रव्य प्रथिनासारखे असल्याचेही व्हाइटहेडने दाखवले. म्हणजे नैसर्गिक परिरक्षक हाती येण्याआधी त्याचा पत्ता लागला, आणि तो लावणारे उपकरण होते खुद्द विरजण.

जंतूंची ही साक्ष भरवशाची कशी, असा आक्षेप रास्त आहे. आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडही त्यांची वाढ रोखते. ट्रॅमर आणि फाउलर यांच्या १९६४ च्या पद्धतीत मला याचे उत्तर दिसते. चीज सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कालवून उकळायचे, गाळायचे आणि मायक्रोकॉकस पेरलेल्या अगारच्या थरातील भोकांत तो अर्क भरायचा. जंतू वाढले की थर धुरकट होतो. नायसिन पसरले तेवढे वर्तुळ मात्र नितळ राहते, आणि त्याचा व्यास ज्ञात प्रमाणाच्या वर्तुळांशी ताडायचा. आम्लात उकळूनही नायसिन टिकते, अल्कलीत तापवले की नष्ट होते. म्हणून त्याच नमुन्याचा अल्कलीत तापवलेला अर्क शेजारी ठेवतात. त्याभोवतीही वर्तुळ उमटले, तर ते नायसिनचे नव्हे.

आता वस्तुमान वर्णपटमापक थेट रेणूच मोजतो, मग जंतू कशाला? कारण रेणूंची संख्या आणि त्यांची ताकद नेहमी जुळत नाही. अन्नातल्या स्निग्धांशाला चिकटलेले नायसिन यंत्राला सापडेल, पण जंतूंना रोखेलच असे नाही, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्व रोखण्यालाच आहे. १९६८ मध्ये अन्न-कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने नायसिनच्या सेवनाची मर्यादाही क्रियाशीलतेच्या एककांत घातली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३३,००० एकके. २०१३ मध्ये ती मिलिग्रॅममध्ये आली. तरी बाजारातल्या नायसिनची प्रत आजही दर मिलिग्रॅमला किमान ९०० एकके, अशीच ठरते.