पॉली उम्रीगर : सोलापूरच्या अष्टपैलू क्रिकेटपटूची जडणघडण – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सोलापूर शहराचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने कापड गिरण्या, हातमाग, कामगार चळवळ आणि १९३० चा मार्शल लॉ या विषयांभोवती लिहिला गेला आहे. क्रीडेचा इतिहास त्यात अभावानेच आढळतो. वास्तविक भारतीय क्रिकेटमधील पहिले कसोटी द्विशतक झळकावणाऱ्या खेळाडूचा जन्म याच शहरात झाला. पहलन रतनजी उम्रीगर, अर्थात पॉली उम्रीगर, यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापूर येथे झाला. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक कसोटी सामने (५९), सर्वाधिक धावा (३६३१) आणि सर्वाधिक शतके (१२) हे तिन्ही विक्रम त्यांच्या नावावर होते.

उम्रीगर यांची ओळख मुख्यतः फलंदाज म्हणून करून दिली जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या उदयाचा आणि अष्टपैलुत्वाचा विचार केला असून, गावात जन्मलेल्या गुणवत्तेला राष्ट्रीय पातळीवर नेणाऱ्या संस्था कोणत्या होत्या, या प्रश्नाचा शोध घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. उम्रीगर यांच्या उदयामागील सामाजिक व शैक्षणिक संस्थांचा अभ्यास करणे.
२. त्यांच्या अष्टपैलू कामगिरीचे मूल्यमापन करणे.
३. त्या काळातील व आजच्या सोलापुरातील उदयोन्मुख खेळाडूच्या मार्गाची तुलना करणे.

सोलापूर ते मुंबई :

१८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी गिरणी’ सुरू झाली आणि शहराची ओळख बदलली. कापड व्यवसायाच्या निमित्ताने निरनिराळ्या समाजांतील कुटुंबे येथे स्थिरावली. उम्रीगर यांच्या वडिलांचा व्यवसायही कापडाचाच होता. पॉली यांचे बालपण सोलापुरात गेले आणि ते किशोरवयात असताना कुटुंब मुंबईस स्थलांतरित झाले.

या स्थलांतराचे क्रीडाविषयक महत्त्व मोठे आहे. भारतात क्रिकेट प्रथम आत्मसात करणाऱ्या समाजांत पारशी समाज अग्रभागी होता. १८८६ मध्ये इंग्लंडचा दौरा करणारा पहिला भारतीय संघ पारशी समाजाचाच होता. मुंबईत समाजनिहाय संघांची स्पर्धा रुजली, १९१२ मध्ये ती चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाली. १९४४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी उम्रीगर यांनी पारशी संघातून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. धार्मिक विभागणीवर आधारलेली ही स्पर्धा राष्ट्रीय चळवळीच्या टीकेचा विषय ठरली होती आणि १९४६ नंतर ती बंद पडली. म्हणजेच ज्या शिडीची पहिली पायरी उम्रीगर चढले, ती शिडीच दोन वर्षांत काढून घेतली गेली. त्यानंतर त्यांना आधार मिळाला तो विद्यापीठाचा.

विद्यापीठीय क्रिकेटची भूमिका :

उम्रीगर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. १९३५-३६ पासून सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेमुळे आंतरविद्यापीठीय क्रिकेटला प्रतिष्ठा लाभली होती. मात्र निर्णायक क्षण १९४८-४९ च्या मोसमात आला. भारत दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिज संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून खेळताना उम्रीगर यांनी नाबाद ११५ धावा केल्या. त्यानंतर लगेचच, डिसेंबर १९४८ मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांना कसोटी पदार्पणाची संधी मिळाली.

ही घटना शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने विशेष नोंद घेण्याजोगी आहे. विद्यापीठाचा संघ परदेशी कसोटी संघाविरुद्ध खेळतो, त्यातील विद्यार्थी शतक ठोकतो आणि निवड समिती तत्काळ त्याची दखल घेते, असा थेट मार्ग त्या काळी अस्तित्वात होता. महाविद्यालयीन क्रीडांगण हे केवळ विरंगुळ्याचे स्थान नव्हते, तर राष्ट्रीय संघाचे एक प्रवेशद्वार होते.

अपयशातून प्रस्थापना :

पदार्पणात उम्रीगर यांनी ३० धावा केल्या, परंतु पुढील कसोटीसाठी त्यांना तब्बल तीन वर्षे प्रतीक्षा करावी लागली. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतही त्यांचे स्थान डळमळीत होते. मद्रास येथील अखेरच्या कसोटीसाठी त्यांना प्रथम वगळण्यात आले होते. हेमू अधिकारी जखमी झाल्यामुळे ऐनवेळी त्यांना संघात घेण्यात आले आणि त्यांनी नाबाद १३० धावा केल्या. विनू मांकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले. फेब्रुवारी १९५२ मधील हा सामना भारताने एक डाव व ८ धावांनी जिंकला. भारताच्या या पहिल्यावहिल्या कसोटी विजयात वगळलेल्या खेळाडूचा वाटा एवढा मोठा होता.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात मात्र चित्र पालटले. फ्रेड ट्रुमन यांच्या वेगवान गोलंदाजीपुढे उम्रीगर यांना कसोटीतील सात डावांत मिळून अवघ्या ४३ धावा करता आल्या. विशेष म्हणजे याच दौऱ्यातील सर्व प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या धावांची संख्या दीड हजारांहून अधिक होती. वेगवान माऱ्यासमोर ते डगमगतात, अशी टीका त्या काळी झाली. या टीकेला उत्तर मिळण्यास फार काळ लागला नाही. १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी पाच कसोटींत दोन शतकांसह ५६० धावा केल्या. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावांची खेळी करून ते कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. १९५९ मध्ये इंग्लंडच्याच भूमीवर, मँचेस्टर येथे, त्यांनी ११८ धावा केल्या.

अष्टपैलुत्वाचे मूल्यमापन :

उम्रीगर उजव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी व ऑफस्पिन टाकत असत. कसोटीत त्यांना ५९ सामन्यांत केवळ ३५ बळी मिळाले, त्यामुळे त्यांना ‘कामचलाऊ गोलंदाज’ समजण्याची प्रवृत्ती दिसते. प्रथम श्रेणीची आकडेवारी मात्र वेगळे सांगते. एकूण २४३ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४९ शतकांसह १६,१५५ धावा केल्या आणि २५.६८ च्या सरासरीने ३२५ बळी घेतले. कसोटी सामने वगळल्यास १८४ सामन्यांत २९० बळी, असे प्रमाण येते. मांकड, सुभाष गुप्ते, गुलाम अहमद यांच्यासारखे फिरकी गोलंदाज संघात असताना कसोटीत उम्रीगर यांच्या वाट्याला गोलंदाजी मर्यादित येणे स्वाभाविक होते. जेथे त्यांच्यावर जबाबदारी पडली तेथे त्यांनी ती निभावली. जानेवारी १९५५ मध्ये बहावलपूर येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ७४ धावांत ६ बळी घेतले. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या विजयाचे श्रेय जसू पटेल यांच्या १४ बळींना दिले जाते व ते योग्यच आहे, परंतु दुसऱ्या डावात उम्रीगर यांनी २७ धावांत घेतलेले ४ बळीही तितकेच मोलाचे होते.

या अष्टपैलुत्वाचा कळस एप्रिल १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे पाहावयास मिळाला. तो दौरा भारतासाठी दुःखद होता. बार्बाडोस येथे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते गंभीर जखमी झाले. त्यांच्यासाठी रक्तदान करणाऱ्यांत फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांच्यासमवेत उम्रीगरही होते. अशा खचलेल्या मनःस्थितीत चौथ्या कसोटीत ३६ वर्षांच्या उम्रीगर यांनी ५६ षटके टाकून १०७ धावांत ५ बळी घेतले, पहिल्या डावात ५६ आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२ धावा केल्या. दोन्ही डावांतील भारताच्या ६१९ धावांपैकी २२८ धावा, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, एकट्या उम्रीगर यांच्या होत्या. भारत हा सामना हरला. तरीही एकाच कसोटीत शतक व डावात पाच बळी ही कामगिरी त्यापूर्वी भारतातर्फे केवळ मांकड यांनी (१९५२) केली होती आणि त्यानंतर ती करणारा पुढचा भारतीय, रविचंद्रन अश्विन, २०११ मध्ये पुढे आला.

नेतृत्व आणि तत्त्वनिष्ठा :

उम्रीगर यांनी आठ कसोटींत भारताचे नेतृत्व केले. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मिळवलेले दोन्ही विजय त्यांच्या नेतृत्वाखालील होते. १९५८-५९ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री, संघनिवडीच्या प्रश्नावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी मतभेद झाल्याने, त्यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. कर्णधाराला हवा तो संघ मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. १९६२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. पुढे व्यवस्थापक, निवड समितीचे अध्यक्ष आणि प्रशासक या नात्यांनी ते क्रिकेटशी निगडित राहिले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट भारतीय क्रिकेटपटूस दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला त्यांचेच नाव आहे.

आजचा मार्ग :

सोलापुरातच २००५ मध्ये जन्मलेल्या अर्शीन कुलकर्णी या सलामीच्या फलंदाज व मध्यमगती गोलंदाजाचा उदय या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगा आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ धावा केल्यानंतर त्याच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. त्याच वर्षीच्या लिलावात त्याला आयपीएलमधील लखनौ संघाने घेतले आणि २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध शतक केले. उम्रीगर यांना सोलापूर सोडून मुंबईच्या संघातून पुढे यावे लागले, तर कुलकर्णी महाराष्ट्राच्याच संघातून पुढे आला, हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु या मार्गावर विद्यापीठाची पायरी कोठेच दिसत नाही.

निष्कर्ष :

उम्रीगर यांच्या कारकिर्दीवरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, सोलापूरने त्यांना जन्म आणि बालपण दिले, मात्र घडणीच्या संस्था मुंबईत होत्या. दुसरी, अष्टपैलू खेळाडूचे मोजमाप केवळ शतकांच्या संख्येवर केल्यास त्याच्या कार्याचा निम्मा भाग दृष्टिआड होतो. तिसरी आणि महत्त्वाची बाब म्हणजे १९४८ मध्ये विद्यापीठ संघ आणि राष्ट्रीय संघ यांच्यात एका सामन्याचे अंतर होते, ते आज लीग व लिलाव यांनी व्यापले आहे. उम्रीगर निवृत्त झाले त्याच १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना होऊन सोलापूरची महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली आणि २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ लाभले. ज्या संस्थेच्या अभावी एकेकाळी खेळाडूला शहर सोडावे लागले, ती संस्था आज शहरात आहे. आता तिचे क्रीडांगण पुन्हा प्रवेशद्वार व्हावे, यासाठी प्रयत्न होणे गरजेचे आहे.