मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

शनिवार, २३ सप्टेंबर २०२३. सकाळी ११ वाजता. सभेला २३ तास.

मालाड पश्चिमेला, सोमवार बाजाराच्या अलीकडे आमची जुनी चार मजली सोसायटी. बत्तीस सदनिका, एक कुरकुरणारी लिफ्ट आणि मानद सचिव मी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तिच्याआधी पूर्ण चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या साली गणपती बसले १९ तारखेला. या सगळ्या आकडेमोडीतून उरला एकच रविवार, २४ तारीख. नोटीस गेली होती, ताळेबंद वाटून झाला होता. मागच्या सभेच्या इतिवृत्ताच्या प्रती काढायच्या होत्या, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन कोटेशनांचा तक्ता छापायचा होता. दोन्ही फायली लॅपटॉपवर तयार. फार तर अर्ध्या तासाचं काम.

अर्धा तास हाताशी असला की मी आवराआवरीला लागतो. घरात याची सगळ्यांना धास्ती आहे.

लॅपटॉप जूनमध्ये घेतला तेव्हा त्यात महिन्याभराचं ट्रायल ऑफिस आलेलं होतं. महिना सरला तरी ते हलेना. फाइल वाचू देई, छापू देई, पण एक काना बदलू देत नसे, आणि रोज सकाळी पैशांची आठवण करी. पुतण्याने त्याच्या शेजारी आमचं जुनं, २०१० सालचं, रीतसर विकत घेतलेलं ऑफिस बसवून दिलं होतं. काम सगळं त्याच्यावर चाले. मग हे दुसरं पोसायचं कशाला? कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, अनइन्स्टॉल. त्याच यादीत खाली क्लाउडचा एक प्रोग्राम दिसला. तोही मी कधी मागितला नव्हता. काढला.

११.४० वाजता.

रीस्टार्ट. डेस्कटॉपवरच्या सभेच्या नोटिशीचं निळं चित्र जाऊन पांढरा कागद आला होता. कोरा, कोपरा दुमडलेला. मी चहा घेतला.

दुपारी १ वाजता. २१ तास.

नोटिशीवर क्लिक केलं तर लॅपटॉप मलाच विचारतो, ही कशाने उघडू? विंडोजमध्ये कुठली फाइल कोणी उघडायची याची नोंद असते. ट्रायलने त्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून ठेवलेलं होतं. ते गेलं आणि उतारा कोरा झाला. वर्डपॅडने नोटीस उघडली बिचाऱ्याने. विंडोज ९५ पासून नोकरीत असलेल्या या गरीब प्रोग्रामला त्याच १ सप्टेंबरला निवृत्तीची नोटीस मिळाली होती. पण कोटेशनांचा तक्ता हे त्याचं काम नव्हे.

मग जुनं ऑफिस थेट सुरू केलं. हिरवी पट्टी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. दुरुस्ती करावी लागेल म्हणाली, मूळ सेटअप द्या. या ऑफिसचं दुरुस्तीचं सामान खरं तर सी ड्राइव्हवर एमएसओकॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतं. गेल्या आठवड्यात जागा मोकळी करताना तो फोल्डर मी उडवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच.

२.३० वाजता.

मूळ सीडीचा डबा माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलामागे. स्टूल डगमगत होतं, खालून सौ.ने धरलं. "अहो, उद्यावर सभा आणि आज हे काय काढलंत?" डबा सापडला, आत पंचवीस अक्षरी किल्लीचं स्टिकरसुद्धा शाबूत. विजयी मुद्रेने सीडी हातात घेऊन लॅपटॉपच्या चारही बाजू पाहिल्या. हल्लीच्या लॅपटॉपना सीडीची खाच नसते.

मशीन कालच्या तारखेला परत नेण्याची एक सोय असते, तीही पाहिली. नव्या मशीनवर ती पुष्कळदा मुळात बंदच असते. आमच्याकडेही बंदच होती.

दुपारी ४ वाजता. १८ तास.

सरळ फायली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर छापाव्यात, असं ठरवून 'डॉक्युमेंट्स' उघडलं. आत काही नव्हतं. इतिवृत्त नाही, तक्ता नाही, थकबाकीदारांची यादी नाही. आठ वर्षांची सोसायटी नाहीशी.

कारण कळायला तास गेला. सकाळी काढलेला तो क्लाउडचा प्रोग्राम जूनपासून माझं 'डॉक्युमेंट्स' स्वतःच्या फोल्डरात वळवून बसला होता. जागा वाचावी म्हणून बऱ्याचशा फायलींची नुसती नावं लॅपटॉपवर ठेवून खरा माल वर पाठवला होता. प्रोग्राम गेला, त्याबरोबर नावंही गेली. फायली सुखरूप होत्या, पण वर. आणि वर जायचं तर पासवर्ड हवा. पासवर्ड मी विसरलेलो, आणि तो बदलायचा कोड जाणार पुतण्याच्या मोबाइलवर, कारण खातं त्यानेच उघडलेलं.

पुतण्या त्या वेळी चाळीच्या गणपतीबरोबर मार्व्याच्या वाटेवर होता.

संध्याकाळी ६ ते रात्री १०.३०.

त्या दिवशी गौरी-गणपतींचं विसर्जन. आमचा दीड दिवसाचा, तो बुधवारीच गेला होता, म्हणून मला या संध्याकाळचा विसर पडला होता. खिडकीखालून एकामागून एक टेम्पो मीठ चौकीकडे चाललेले, ताशाने काचा थरथरत होत्या. मी फोन लावत होतो. रिंग जात होती. अशा गर्दीत खिशातला मोबाइल वाजला तरी कोणाला कळणार? मी मात्र पुन्हा पुन्हा कोड मागवत राहिलो, जणू काही तो ऐकून धावत येणार होता.

१०.५० वाजता. ११ तास.

"काका, एकोणीस मिस्ड कॉल? काकू बऱ्या आहेत ना?"

"काकू बरी आहे. तुझ्याकडे एक नंबर आलाय, तो वाच."

"सात आलेत. कुठला वाचू?"

सगळ्यांची मुदत संपलेली. नवा मागवला. त्याच्यामागे कोणाचा तरी बँजो चालू. तेरा की तीन, साठ की सात, यात दोन कोड वाया गेले. तिसऱ्याला दार उघडलं. फायली एकेक करून उतरू लागल्या. मी देवापुढे हात जोडून आलो, खोटं कशाला बोलू.

मध्यरात्रीनंतर १.३० वाजता. साडेआठ तास.

लिबरऑफिस उतरवून घेतलं. फुकट मिळतं, २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं निघालं. त्यात तक्ता नीट उघडला, बेरजा जुळल्या. इतिवृत्तही दिसलं, माझ्या आधीच्या सचिवांनी टाइप केलेलं, स्वच्छ, ठसठशीत. एरवी मी अशा फाइलची पीडीएफ करून मगच छापायला नेतो. पण हे ऑफिस नवं, त्यातलं बटण शोधायला दीड वाजता अंगात त्राण नव्हतं. मूळ फाइलच पेनड्राइव्हवर टाकली आणि झोपलो.

रविवार, सकाळी ८.४५ वाजता.

स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला नुकता शटर वर करत होता. बत्तीस प्रती, प्रत्येकी चार पानं. मशीनमधून पानं पालथी बाहेर पडत होती, पोरगा तशीच ठोकून स्टेपल करत होता. गरम कागदाचा गठ्ठा पिशवीत घातला आणि रिक्षा पकडली.

१० वाजता.

हजेरी तेरा. गणपूर्तीला वीस लागतात. अध्यक्षांनी घड्याळ पाहून सभा अर्धा तास तहकूब केली. दरवर्षीप्रमाणे. कालच्या विसर्जनाचे लोक डोळे चोळत खाली येऊ लागले. मी सह्या घेण्यात गुंतलो. प्रती वॉचमनने खुर्च्यांवर ठेवल्या.

१०.३० वाजता.

विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचायला कोणी कधी सांगत नाही.

"सूचक?" तळमजल्यावरून हात वर. "अनुमोदक?" पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पान न उलटता मान डोलावली, गेली बारा वर्षं तेच अनुमोदक आहेत. "एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले. मी नोंदवहीत तसं लिहिलं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ऑडिटरांनी चष्मा लावला. त्यांना कागद एकदा नाकाजवळ आणि एकदा हातभर दूर धरताना पाहिलं, तेव्हा मीही माझी प्रत उचलली.

आमचे आधीचे सचिव श्रीलिपीत टाइप करत. युनिकोडच्या आधीच्या फाँटांमध्ये फाइलीत मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात, फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा माझ्या लॅपटॉपवर होता, झेरॉक्सवाल्याकडे नव्हता. पानभर कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, आणि जिथे जिथे 'क' होता तिथे एच आणि त्याला चिकटून डॉलरची खूण. वर, ठळक टायपात, सोसायटीचं नाव तशाच लिपीत. फक्त आकडे तेवढे जागच्या जागी.

"सेक्रेटरी," ऑडिटर उभे राहिले. "मंजूर झालं, माझी हरकत नाही. पण तिसऱ्या पानावर गच्चीचा हा जो साडेचौदा लाखांचा आकडा आहे..."

"हो?"

"तो आपण डॉलरमध्ये मंजूर केला होता का?"