परंगीमलई आणि पाठीवरचे ओझे

चेन्नईच्या दक्षिण अंगाला, विमानतळाच्या शेजारी, एक लहानशी टेकडी आहे. तिची उंची जेमतेम तीनशे फूट. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला माणूस तिला टेकाडापेक्षा अधिक मान देणार नाही. तमिळ लोक तिला परंगीमलई म्हणतात. ‘परंगी’ म्हणजे आपला ‘फिरंगी’ आणि ‘मलई’ म्हणजे डोंगर. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव सेंट थॉमस माउंट असे आहे, कारण येशूचा शिष्य थॉमस ह्याला येथेच मरण आले अशी ख्रिस्ती परंपरा आहे. माथ्यावर पोर्तुगीजांच्या काळातील चर्च आहे, आणि तेथे चढून जाणाऱ्या पायऱ्या अठराव्या शतकात कोजा पेत्रस उस्कान नावाच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधविल्या.

पाठीवर भार घेऊन दूरवर चालणे, ह्या अगदी साध्या दिसणाऱ्या मानवी उद्योगाचा इतिहास सांगताना ह्या टेकडीची आठवण काढण्याचे कारण असे की, तिच्या पायथ्याशी त्या इतिहासाचे दोन अध्याय लिहिले गेले, एक इ. स. १८०२ मध्ये आणि दुसरा १९६३ मध्ये. पहिल्या अध्यायात साहेबाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर होते. दुसऱ्या अध्यायात अधिकारी होऊ इच्छिणारा तरुण आपले ओझे स्वतःच्या पाठीवर घ्यावयास शिकू लागला. ह्या दोहोंमधील अंतर केवळ एकशे एकसष्ट वर्षांचे नाही.

पहिला अध्याय विल्यम लॅम्टन ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा आहे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या युद्धात तो लढला होता. टिपू पडल्यावर कंपनीच्या हाती जो अफाट मुलूख आला, त्याचे गणिती मापन करावे असा विचार त्याने मांडला, आणि १० एप्रिल १८०२ रोजी परंगीमलईजवळच्या सपाटीवर पायारेषा मोजण्यास आरंभ झाला. ही रेषा सुमारे साडेसात मैलांची. शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ताणून ठेवावयाची, तिचे उष्णतामान पाहावयाचे, आणि मग ती उचलून पुढे न्यावयाची. अशी ती चारशे वेळा मांडावी लागली. मद्रासच्या चैत्र-वैशाखातील उन्हात हे काम किती जिकिरीचे झाले असेल ह्याची कल्पना तिकडे राहिलेल्यासच येईल.

पुढचे सर्व काम कोन मोजण्याचे. त्यासाठी लंडनहून थिओडोलाइट नावाचे जे यंत्र मागविले होते, त्याचे वजन अर्धा टन होते. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून ते मॉरिशसला नेले. परंतु शास्त्राचे उपकरण म्हणून तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. समुद्र ओलांडून आलेल्या ह्या यंत्राला पुढे देश ओलांडावयाचा होता, आणि तोही माणसांच्या खांद्यांवरून. ते वाहून नेण्यास बारा माणसे लागत असे सांगतात. हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस किलोंच्या वर भार येतो. आणि तो धान्याच्या पोत्यासारखा नव्हे. पोते आपटले तर फार तर फुटेल. यंत्र आपटले तर वर्षाचे काम वाया जाईल. म्हणजे ह्या माणसांना नुसते बळ असून भागणारे नव्हते. बारा जणांनी एका पावलाने चालावे, उतारावर मागच्यांनी तोलून धरावे, नदीत पाय रोवून उभे राहावे, अशी ती विद्याच होती.

ह्या कथेत तंजावरही येते. कावेरीच्या मुलखात डोंगर नाहीत आणि ताडामाडांच्या गर्दीत दूरचे काही दिसत नाही. म्हणून लॅम्टन देवळांच्या गोपुरांवर यंत्र चढवी. १८०८ मध्ये बृहदीश्वराच्या दोनशे फुटांहून उंच शिखरावर ते चढविले जात असता दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्टनने तंबूत बसून सुमारे सहा आठवडे खपून ते पूर्ववत केले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर आपले दुसरे सरफोजीराजे भोसले होते; आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर पाचच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले होते. राजघराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे दगडावर आली. यंत्राला आकार देणाऱ्या साहेबाचे नाव ग्रंथांत आले. दोर ओढणाऱ्यांची आणि यंत्र वाहणाऱ्यांची नावे मात्र ना दगडावर आली, ना ग्रंथांत.

ह्याच मोजणीतून कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचा सुमारे अडीच हजार किलोमीटरांचा मध्यान्हवृत्ताचा कंस उभा राहिला. लॅम्टनला त्याचा शेवट पाहावयास मिळाला नाही. हैदराबादेकडून नागपूरकडे जात असता, सत्तरीच्या घरात, २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो वारला, आणि तेथेच त्याची कबर आहे. मद्रासपासून निघालेली ही वाट अशी आपल्या विदर्भात येऊन थांबली. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने ती १८४१ मध्ये पुरी केली.

भार वाहणाऱ्याची विद्या ही विद्या म्हणून का ओळखली गेली नाही? ह्याचे कारण असे दिसते की, ती कोणी कोणास शिकविताना दिसत नसे. हमालाचा मुलगा हमालाबरोबर चालत चालत शिके. डोक्यावरची चुंबळ कशी बसवावी, कावड कोणत्या खांद्यावरून कोणत्या खांद्यावर केव्हा घ्यावी, कोठे थांबावे, हे त्याच्या अंगवळणी पडे. आणि पाहणारा म्हणे, ‘ह्या लोकांना सवयच असते.’ विशेष म्हणजे आजचे शास्त्र ह्या सवयीपुढे आदराने उभे आहे. २००५ मध्ये नामचे बाजारकडे जाणाऱ्या नेपाळी भारवाहकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष सरासरीने आपल्या वजनाच्या ९३ टक्के भार नेत होते असे आढळले. ते सावकाश चालत आणि वारंवार विसावा घेत. धापा टाकीत लवकर पोहोचण्यापेक्षा थांबत थांबत निश्चित पोहोचावे, हा त्यांचा नियम होता.

लष्करांचा इतिहास पाहिला तर तेथे हा प्रश्न राज्याच्या जिवाचा प्रश्न होऊन बसलेला दिसतो. इ. स. पूर्व १०७ मध्ये रोमचा कॉन्सल झालेल्या मारियसने सैनिकांना आपापले सामान स्वतः वाहावयास लावले. लोक त्यांना थट्टेने ‘मारियसची खेचरे’ म्हणू लागले. पण त्या खेचरांनीच रोमचे राज्य वाढविले. पुढे व्हेजीशियस ह्या रोमन लेखकाने नवशिक्या शिपायांसाठी जे नियम नोंदविले, त्यांत साठ रोमन पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस किलोंच्या आसपास, भार घेऊन लष्करी पावलाने चालण्याचा सराव पुनःपुन्हा करवावा असे म्हटले आहे. महिन्यातून तीन वेळा दहा मैल जाऊन परत येण्याची जुनी चालही तो सांगतो.

आपल्याकडे शिवछत्रपतींनी हे मर्म अचूक ओळखले होते. त्यांच्या लष्करात बायका-बटकींना आणि कलावंतिणींना मज्जाव होता, हे सभासदाने लिहून ठेवले आहे. लष्कराने दसऱ्यास निघावे, आठ महिने मुलूखगिरी करावी आणि पावसाळ्यात छावणीस परतावे, असा शिरस्ता होता. अशा सडेपणामुळेच १६७७ मध्ये महाराज रायगडापासून इतक्या दूर गोवळकोंड्यावरून जिंजीपर्यंत धडकू शकले. त्या स्वारीत मद्रासच्या इंग्रजांकडे त्यांनी काही औषधी वस्तूंची मागणी केली, आणि फोर्ट सेंट जॉर्जच्या वखारवाल्यांनी त्या मुकाट्याने नजराणा म्हणून धाडल्या. पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडले तेही ह्याच सडेपणाच्या बळावर. निजामाचा जड तोफखाना मागे रेंगाळत राहिला. आणि १७६१ चे पानिपत? तेथे यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे ह्यांचा जो भार सैन्याच्या गळ्यात पडला, त्याची किंमत आपण आजही मोजीत आहोत. ‘बाजारबुणगे’ हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरला जातो, त्यामागे केवढा कटू अनुभव आहे!

कंपनीच्या फौजाही ह्या बाबतीत शहाण्या नव्हत्या. श्रीरंगपट्टणवर चालून गेलेल्या लष्करामागे लढणाऱ्यांच्या कित्येक पट नोकर, भोई, बैलवाले आणि वंजारी होते. साहेब घोड्यावर किंवा पालखीत असे आणि त्याचा तंबू, खुर्ची, मद्याच्या बाटल्या दुसऱ्यांच्या पाठीवरून येत.

ह्या पार्श्वभूमीवर दुसरा अध्याय पाहावा. १९६२ च्या चिनी आक्रमणाने उंच पहाडी मुलखात चालू शकणाऱ्या, भार घेऊन चढू शकणाऱ्या अधिकाऱ्यांची वाण किती आहे हे देशाला दाखवून दिले. तातडीने अधिकारी तयार करण्यासाठी १५ जानेवारी १९६३ रोजी परंगीमलईच्या परिसरात ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. पुण्यासही असेच एक विद्यालय निघाले होते. ते पुढे बंद झाले, मद्रासचे टिकले. १९८८ पासून ते अकादमी म्हणून ओळखले जाते, आणि १९९२ पासून तेथे स्त्रियाही शिकतात. तेथील शिक्षणार्थी, मग तो शेतकऱ्याचा मुलगा असो की न्यायाधीशाची मुलगी, आपली पिशवी आणि आपले हत्यार स्वतः वागवितो. ज्या मैदानाच्या आसपास एकेकाळी दुसऱ्यांचे खांदे यंत्राखाली वाकले, तेथे अधिकारपदाची पहिली पायरी म्हणून स्वतःचा खांदा वाकविण्याचा धडा दिला जातो.

हा धडा कसा गिरवावा, ह्याविषयी अनुभव आणि शास्त्र ह्यांचे आश्चर्यकारक एकमत आहे. प्रथम मोकळ्या अंगाने चालावे. मग थोडा भार घ्यावा. अंतर, वजन आणि चढ ह्या तिन्हींत एकदम वाढ करू नये. एका वेळी एकच वाढवावे. दम लवकर वाढतो, स्नायू त्यामागून बळकट होतात, हाडे आणि अस्थिबंध मात्र सर्वांत सावकाश तयार होतात. घाई केली की पायाच्या हाडास बारीक चीर जाते. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट ह्या प्रशियन लष्करी वैद्याने कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन केले, ते ह्याच विकाराचे. वजनदार वस्तू पाठीलगत ठेवाव्यात, आणि कमरपट्ट्याने खांद्यांवरचा बराच भार कमरेवर उतरवावा. दत्त आणि रामनाथन ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी भार वाहण्याच्या सात पद्धती ताडून पाहिल्या आणि १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की, पुढे व मागे सारखा वाटून घेतलेला भार शरीरास सर्वांत कमी शिणवितो आणि हातात धरलेला सर्वांत अधिक. चेन्नईसारख्या दमट ठिकाणी आणखी एक पथ्य आहे. उन्हाची सवय शरीरास व्हावयास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर पहाटेची वेळ आणि पाण्याची बाटली सोडू नये.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन लष्कराने सराव किती वेळा असावा ह्याची परीक्षा घेतली. महिन्यातून एकदा चालणाऱ्यांपेक्षा दोनदा वा चारदा चालणारे शिपाई सरस ठरले. महिन्यातून तीन वेळा, असे सांगणाऱ्या व्हेजीशियसला हे कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

श्रोतेहो, भार वाहण्याला आपल्या लोकांनी केवळ कष्ट मानले नाही. पळनीच्या मुरुगनाकडे तमिळ भक्त खांद्यावर कावडी घेऊन चालत जातात. इडुंबन नावाच्या असुराने दोन डोंगर कावडीत घालून आणले, तेव्हापासून ही चाल पडली अशी कथा आहे. इकडे चैत्रात सासवडहून कऱ्हेच्या पाण्याची कावड निघते आणि शिखर शिंगणापूरचा अवघड मुंगी घाट माणसांच्या साखळीने चढते. शब्द एकच, खांदा एकच आणि श्रद्धाही एकच. त्या घाटात जो हात देतो त्याची जात, हुद्दा कोणी विचारीत नाही.

इतिहास लिहिताना मात्र आपण तो विचारीत आलो. हिंगणघाटची कबर आपण अवश्य पाहावी. लॅम्टनने केलेले काम थोर होते ह्यात शंका नाही. परंतु त्या कबरीपर्यंत पोहोचलेल्या वाटेचा प्रत्येक मैल कोणा अनाम खलाशाच्या खांद्यावरून गेला आहे. त्यांची नावे आता सापडण्याची आशा थोडी. त्यांची विद्या मात्र हरवलेली नाही. पिशवी पाठीस लावून पहाटे परंगीमलईच्या रस्त्याने निघालेला प्रत्येक तरुण तीच विद्या शिकत असतो. तिचे पहिले गुरू कोण होते, एवढे त्याला सांगितले जावे.