अकोट्याच्या मूर्ती आणि माझा एक खड्डा

कमाटीबागेतल्या बडोदा संग्रहालयात पाहुणे आले की देवमाशाच्या सांगाड्याशी थांबतात. मी मात्र त्यांना अकोट्याच्या मूर्तींकडे नेतो. महाराजा सयाजीरावांनी उभारलेली ही इमारत १८९४ची. मूर्ती मिळाल्या १९५१मध्ये, विश्वामित्रीपलीकडच्या अकोट्यात. एकूण ६८ जैन धातुमूर्ती, साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या. उमाकांत प्रेमानंद शहांनी त्यांचा अभ्यास करून १९५९मध्ये ग्रंथ काढला.

यातली जीवंतस्वामीची मूर्ती नीट बघा. हे संन्यास घेण्यापूर्वीचे महावीर. म्हणून ध्यानात उभे असूनही डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने. चंद्रकुलातल्या नागीश्वरी नावाच्या श्राविकेने ही मूर्ती दिली, असा लेख तिच्यावर आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका अकोटेकर बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ते या धातूमुळे.

आज आपण अकोट्याला बडोद्याचं उपनगर म्हणतो. तेव्हा नेमकं उलट होतं. इ. स. ८१२च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक, म्हणजे आपलं बडोदं, हे अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांतलं एक दान दिलेलं गाव आहे. अंकोट्टक म्हणजेच अकोटा.

आता माझी गोष्ट. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. नदीच्या त्याच बाजूला एका इमारतीच्या पायाची खोदाई चालू होती. सहा-सात फुटांवर मोठाल्या विटा आणि खापऱ्या लागल्या. मुकादम म्हणाला, "साहेब, जुनं काहीतरी दिसतंय." मी म्हटलं, "भराव आहे, उचला." दुपारी ट्रॅक्टर भरून गेला. ना फोटो, ना माप. विटेची लांबीसुद्धा घेतली नाही, आणि टेप माझ्या खिशातच होता!

ते काय होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. वस्तू जागची हलली की तिची खोली, थर, शेजार सगळं जातं. मूर्तीवर निदान लेख असतो. खापरीला तिची जागा हाच लेख.

म्हणून मंडळातल्या इंजिनिअर मित्रांना एकच विनंती. खोदाईत असं काही दिसलं तर तासभर काम थांबवा. पट्टी ठेवून फोटो घ्या, खोली लिहा आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. तो १९५०पासून आपल्याच गावात आहे. मला एक फोन करता आला असता.